डाव्या अंगठ्याचे शब्द

मित्रांनो, मी एक दमलेला मोबाईल आहे. जुना म्हणा, थकलेला म्हणा, मला आता कशाचाच राग येत नाही. माझ्या काचेला वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत तडा गेला आहे. आतली बॅटरी फुगल्यामुळे माझी पाठही फुगली आहे. कोणी मला टेबलावर ठेवले तर मला धड पडूनही राहता येत नाही, मी डुगडुगतो. तरी तुम्ही आलाच आहात, तर माझी हकिगत ऐका. बोलता बोलता मध्येच बंद पडलो तर समजून घ्या.

माझा जन्म एका लांबच लांब खोलीत झाला. पांढरा उजेड, डोक्याला टोप्या घातलेल्या बायका आणि कुठेही धुळीचा कण नाही. कोणी काच बसवली, कोणी स्क्रू पिळले. एका बाईने मला क्षणभर कानाला लावून पाहिले आणि खोक्यात निजवले. त्या खोक्यात जेवढा आराम केला, तेवढा मला पुन्हा कधीच मिळाला नाही.

कारण दुकानातून मला नेले ते सुतारकाम करणाऱ्या एका मिस्त्रींनी. आल्या दिवसापासून माझ्या कानात लाकडाचा भुसा. मिस्त्री मला शर्टाच्या खिशात पेन्सिलीशेजारी ठेवायचे. फोन लावायचे आणि असे बोलायचे, की पलीकडच्या माणसाला फोनची गरजच पडली नसती. तयार झालेल्या कपाटांचे फोटो काढायचे. गिऱ्हाइके म्हणायची, "काय झकास फोटो येतो हो तुमच्या फोनवर." मी तेव्हा कौतुकाने फुगायचो, आता नुसताच फुगतो. लिहायचे काम मात्र माझ्याकडे नव्हते. कोणाला दोन ओळी लिहायच्या म्हटले, की मिस्त्री मला मुलीपुढे धरायचे आणि म्हणायचे, "चिऊ, तूच लिही गं. माझी बोटं जाड आहेत."

ही चिऊ म्हणजे त्यांची थोरली मुलगी. चांगली चाळिशीची, दणकट हाताची. वर्कशॉपमध्ये बापाच्या बरोबरीने करवत चालवणारी. पण बापाच्या तोंडी ती चिऊच राहिली.

एके दिवशी बाकावर फळी सरळ करता करता मिस्त्री खाली बसले ते उठलेच नाहीत. मेंदूला झटका आला होता. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. डोके शाबूत होते, बरे का. समोरची लाकूड कोरायची पटाशी त्यांना दिसायची, तिचा उपयोग ठाऊक असायचा, ती कुठल्या गिऱ्हाइकाच्या कामात बोथट झाली तेही आठवायचे. फक्त तिचे नाव सापडायचे नाही. ओठ हलायचे, एखादे अक्षर यायचे आणि पुढे सगळे अडून बसायचे. आवाजाने वर्कशॉप दणाणून सोडणारा माणूस खुर्चीत बसून नुसता बघत राहिला. मला ते बघवत नव्हते.

मग बोलणे शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी एक गोष्ट हेरली. मिस्त्रींना शब्द आठवत नसला, तरी लिहिलेला दिसला की ओळखू यायचा. बाईंनी मला त्यांच्या डाव्या हातात दिले आणि म्हणाल्या, "पहिलं अक्षर दाबा. पुढचं हा करेल."

आता 'हा' म्हणजे मी. कोणी एक अक्षर दाबले, की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत मी तीन शब्द पुढे करतो. पण तेव्हा मला काय ठाऊक होते? त्यांनी 'प' दाबला की मी बापडा 'पण', 'पुन्हा', 'पैसे' असे काहीबाही दाखवायचो. त्यांना हवी असायची पटाशी. मग थोरली शेजारी बसून सगळा शब्द लिहून घ्यायची, एकेक अक्षर. रोज. मिस्त्री चिडायचे, मला बाकावर आपटायचे, पुन्हा उचलायचे. काचेचा तडा त्याच दिवसांतला आहे.

हळूहळू मला त्यांची सवय झाली. 'प' म्हटले की पटाशी, पाचर, पॉलिश. 'ब' म्हटले की बिजागरी, बरोबर, बास. 'च' म्हटले की चौकट, चहा, चिऊ. 'रंधा' लिहिला की पुढे 'हळू' हा शब्द मी न मागता ठेवायचो, कारण थोरलीचा रंधा जोरात चालतो आणि बापाला ते सोसत नाही. मिस्त्रींचा डावा अंगठा आणि मी, आमचे असे जुळले, की खुर्चीत बसून ते पुन्हा सगळ्यांना कामाला लावू लागले. थोरलीच्या खिशात तिचा फोन वाजायचा. दहा पावलांवरून बापाचा हुकूम आलेला असायचा, 'रंधा हळू मार'. ती कपाळाला हात लावायची आणि हसायची. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात कष्टाचे दिवस. सगळ्यात चांगलेही तेच.

पण आमच्या जातीला म्हातारपण लवकर येते. मला नवे काही शिकवायचे, म्हणजे अपडेट द्यायचे, कंपनीने बंद केले. मी गरम होऊ लागलो. पाठ वर येऊ लागली. थोरलीने मला मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्याने मला नखाने दाबून पाहिले आणि म्हणाला, "या मॉडेलची बॅटरी आता येत नाही. आणि तुमच्याकडे लाकडाचा भुसा, बरोबर? ताई, हा तिथे ठेवू नका. कधी पेट घेईल, सांगता येत नाही."

ती घाबरली. तिने दूरच्या शहरात राहणाऱ्या धाकट्या भावाला कळवले. तो थोड्या दिवसांची रजा काढून आला तो नवा कोरा फोन घेऊनच. मी त्याला दोष देणार नाही. पोराने मनापासून आणला होता.

फक्त तो फोन दुसऱ्या घराण्यातला होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीमच वेगळी. सोपे करून सांगायचे, तर आम्ही दोघेही मोबाईल, पण दोघांच्या घरच्या रीती निराळ्या. माझ्याकडे मागे जायला खालच्या कोपऱ्यात बाण आहे. त्याच्याकडे बाणच नाही, कडेवरून बोट सरकवावे लागते. "माझा पण हाच आहे, बाबा," धाकटा म्हणाला. "आपण सगळे एकाच सिस्टीमवर आलो, की मी तिकडून तुम्हाला सगळं लावून देत जाईन."

त्याने आम्हा दोघांना कामाच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले. माझ्यातले फोटो निघाले, नंबर निघाले, निरोप निघाले. भाड्याची खोली सोडताना सामान जाते तसे सगळे जात राहिले. शेवटी नव्याच्या पडद्यावर हिरवी खूण आली आणि अक्षरे उमटली, 'सर्व काही हलवले आहे'. ते खोटे होते असे मी म्हणणार नाही. जे मागितले ते मी दिले. पण कोणत्या अक्षरापुढे मिस्त्रींना काय हवे असते, ही माझी सवय होती. सवय कोणी मागितलीच नाही, आणि मला बोलता येत नाही.

"आता हा जुना पुसून टाकतो," धाकटा म्हणाला. "जाताना दुकानात देऊन टाकू, ते सुरक्षितपणे मोडीत काढतात." मिस्त्रींनी नव्या फोनवर घाईघाईने 'न' दाबला. मला तो शब्द पाठ होता, 'नको'. नव्याने आपले 'नमस्कार', 'नवीन', 'नंतर' असे तिघे उभे केले. मिस्त्री त्या तिघांकडे बघत राहिले. मग त्यातल्या त्यात जवळचा म्हणून त्यांनी 'नंतर' निवडला. "बरं, नंतर पुसू," असे म्हणून धाकट्याने मला पिशवीत टाकले आणि पिशवी खुंटीला लावली. माझा जीव त्या एका शब्दावर वाचला, आणि तो शब्दही त्यांना हवा होता तो नव्हता.

पुढचा दिवस मी पिशवीतून ऐकला, उरलेले मागाहून कळले. एका दवाखान्याच्या दाराचे काम चालू होते. थोरली बिजागरीसाठी खाच पाडत होती, आणि ती दाराच्या चुकीच्या कडेला पाडत होती. मिस्त्रींच्या घशातून आवाज येत होता. त्यांना दिसत होते. नव्या फोनवर अंगठा धडपडत होता आणि नवा बिचारा अनोळखी माणसापुढे ठेवावेत तसे कसलेही शब्द पुढे करत होता. थोरलीच्या खिशात फोन वाजला. तिने वाचले आणि कोड्यात पडून म्हणाली, "बाबा, 'बाजार'? काय आणायचंय बाजारातून? थांबा, एवढं होऊ द्या."

दार उभे केले आणि ते उलटे उघडले. त्याच वेळी भुशात काहीतरी धपकन पडले. मिस्त्रींनी नवा फोन फेकला होता.

"मी एवढ्या हौसेने आणला, आणि हे काय, बाबा?" धाकट्याचा आवाज दुखावलेला होता.

"त्यांना ओरडू नकोस," थोरली म्हणाली. "सकाळपासून एकही शब्द धड लिहीत नाहीयेत. मला भीती वाटते रे. परत झटका आला असेल का?"

मित्रांनो, मी त्या पिशवीत असा तळमळलो म्हणून सांगू. माणूस होता तसाच होता. मेंदूही तोच, अंगठाही तोच. पण घरच्या लोकांना तो पुन्हा हरवल्यासारखा दिसत होता, आणि मिस्त्रींना ते ऐकू येत होते. त्यांच्याबद्दल, त्यांच्यासमोर.

थोरलीने बाईंना बोलावून घेतले. बाईंनी मिस्त्रींना हात उचलायला लावला, हसायला लावले, डोळे तपासले. "नवीन काही झालेलं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवा, पण मला आधी सांगा, कालपासून घरात काय बदललं?"

"काहीच नाही," धाकटा म्हणाला. "फोन तेवढा बदलला."

बाईंनी लगेच विचारले, "जुना कुठे आहे? पुसला तर नाही ना?"

पिशवी उघडली आणि उजेड आला. मला मिस्त्रींच्या डाव्या तळहातावर ठेवले. माझ्यात थोडाच जीव उरला होता. पडदा उजळायला मी इतका वेळ घेतला, की मला माझीच लाज वाटली. सगळे उभे होते. मग अंगठा आला. 'द' दाबला, मी दार दिले. 'उ' दाबला, मी उलटं दिले. थोरलीने दाराकडे पाहिले आणि मटकन बाकावर बसली. "सकाळपासून हेच सांगत होता?" ती म्हणाली. मिस्त्रींनी मान हलवली. मग ते धाकट्याकडे वळले. त्याच्यासाठी त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. अक्षर, शब्द, अक्षर, शब्द. लिहून झाले तसे त्यांनी मला त्याच्यापुढे धरले.

'फोन चांगला. मी नाही त्यात.'

धाकट्याने ते वाचले. परत वाचले. "मला वाटलं, सगळं आलं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते त्याने पुसले नाही.

"तुझ्या त्या हिरव्या खुणेला काय कळतं," थोरली म्हणाली, पण मायेने म्हणाली. मिस्त्रींनी डावा हात पोराच्या डोक्यावर ठेवला, भुशासकट.

माझी पाठ काही त्यामुळे बसली नाही. मला भुशात ठेवणे धोक्याचे होते ते होतेच. म्हणून मला घरी, स्वयंपाकघराच्या दगडी ओट्यावर ठेवू लागले. कोणीतरी शेजारी बसले असेल तेव्हाच मला चार्जिंगला लावायचे. आणि माझी शिकवणी सुरू झाली. मिस्त्री माझ्यावर अक्षर दाबायचे, मी शब्द दाखवायचो. तोच शब्द मग ते नव्यावर पुरा लिहायचे, आणि पुन्हा लिहायचे. रजा संपेपर्यंत धाकटा शेजारी बसला. तो गेल्यावर थोरली बसली. नवा अडखळायचा, 'पटाशी'ला 'पटकन' म्हणायचा. मिस्त्री चिडायचे. मला वाटायचे, अरे, मीही असाच होतो, मला विचारा. रोज मी थोडा अधिक तापायचो आणि थोडा लवकर मिटायचो. मला एवढीच धास्ती होती, की सगळे शब्द द्यायच्या आत मी जाऊ नये. आयुष्यात मी कधी कशासाठी इतका चिवटपणा केला नाही.

एके दुपारी मिस्त्री ओट्याशी बसले होते. थोरली मोरीत हातपाय धूत होती. त्यांनी नव्यावर 'च' दाबला. पट्टीत तीन शब्द आले. त्यांनी 'चिऊ' निवडला, मोरीच्या कठड्यावर ठेवलेल्या तिच्या फोनवर तो उमटला, आणि मोरीतून आवाज आला, "आले, बाबा."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. मित्रांनो, खरे सांगतो, क्षणभर वाईट वाटले. मग इतके हलके वाटले, की काय सांगू. तेव्हापासून मला कोणी चार्जिंगला लावलेले नाही. उद्या थोरली मला मोडीच्या दुकानात देणार आहे. आता जे बोलतो आहे ते उरल्यासुरल्यावर.

तुम्ही फोन खुशाल बदला. घर बदला, सिस्टीम बदला, आम्हा जुन्यांना पुसून टाका, आमची काही तक्रार नाही. फक्त ज्याच्या हातातली वस्तू काढून घेता, त्याला आधी विचारा. हिरव्या खुणेला विचारू नका. आणि विचारलेत, तर लगेच पिशवी भरायला घेऊ नका. काही माणसांना उत्तर द्यायला वेळ लागतो. ते येईपर्यंत तिथेच उभे राहा.