बॅटरी संपेपर्यंत

"हे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी चालू करून, एकाची बॅटरी संपेपर्यंत मी इथेच बसले तर चालेल का?"

विचारलं मी, पण प्रश्न माझा नव्हता, माझ्या मैत्रिणींचा, सिन्ने आणि यूल्वाचा होता. मे महिना, शाळेचं शेवटचं वर्ष, अंगात या वर्षाची सगळी मुलं घालतात ती लाल डांगरी. आमच्याकडे या दिवसांत मैत्रिणी असली आव्हानं देतात, आणि पुरं केलं की टोपीच्या गोंड्याला एक गाठ. मागच्या वर्षीची मी दारातूनच पळाले असते. या वर्षी मात्र माझी भीड पार चेपली आहे!

दुकानाचे मालक आर्नफिन चष्म्यावरून बघत राहिले. "विकत घेणार आहेस, की नुसता तमाशा?"

"घेणार आहे. कॉलेजसाठी. कुठला ते ठरत नाहीये."

"मग बस. पण धांगडधिंगा नको. आवाज बंद."

दारात दोघी तोंडावर हात दाबून हसत होत्या. "बारापर्यंत येतो गं, रुना!" म्हणाल्या आणि गेल्या.

मोठा लॅपटॉप पप्पाच्या पसंतीचा. जहाजांचे अवजड आराखडे त्यावर झरझर फिरतात. दूर त्रोनहाइमच्या कॉलेजात जहाजबांधणी शिकायची तर हाच, असं त्याचं म्हणणं. "बॅटरीचं काय घेऊन बसलीस? खोलीत भिंतीला सॉकेट असतंच की!"

छोटा हलका, पडदा जेमतेम, पण खोक्यावर लिहिलंय पंधरा तास. असला लॅपटॉप बोटीने ये-जा करणाऱ्याला लागतो. आमच्या बेटापासून या शहरापर्यंत बोट पावणेदोन तास घेते, आणि अख्ख्या बोटीत सॉकेटं दोन. तीही समुद्रात पाळलेल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करणारे लोक बसायच्या आधीच अडवतात.

कॉलेजच्या अर्जात पसंतीची यादी द्यावी लागते; माझ्या यादीतलं दुसरं कॉलेज इथेच, या शहरात आहे. वर्ग दहाला भरतात, सकाळची पहिली बोट नऊ वीसला लागते. शाळा मात्र आठची होती. म्हणून बेटावरच्या सगळ्या मुलांसारखी मीही सोळाव्या वर्षी इथे भाड्याच्या खोलीत आले. एकटी. आणि यादीचा क्रम एक जुलैपर्यंत बदलता येतो, हे पप्पाला ठाऊक नाही. त्याने धक्क्यावर सगळ्यांना त्रोनहाइम सांगून टाकलंय.

दोन्ही पडद्यांवर मी एकच गोष्ट लावली: किनाऱ्याने जाणाऱ्या जहाजाचं तासन् तास न थांबणारं चित्रण. आमच्याकडे लोक असलं आवडीने बघतात. समुद्र, डोंगर, समुद्र.

बारा वाजले. कोणी आलं नाही. साडेबाराला सिन्नेचा निरोप: "आम्ही समुद्रावर आलो! संपली का गं बॅटरी? हाहा."

आर्नफिननी डबा उघडला. पावाचे दोन तुकडे, मध्ये कागद, वर तपकिरी चीज. एक माझ्यापुढे सरकवला. "मैत्रिणी विसरल्या वाटतं."

"नाही हो, येतील," मी झोकात म्हणाले. आणि पडद्याकडे बघत पाव खात राहिले.

खोलीतही मी अशीच जेवते. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलीय, तो वायर लावल्याशिवाय चालत नाही. म्हणून ताट घेऊन भिंतीला चिकटून बसायचं. पडद्यावर आई विणत असते. मी खाते. बोलायला काही नसतं, पण ती फोन ठेवत नाही. मीच "झोप येतेय" म्हणून ठेवते, आणि मग दोन तास जागी असते. हे मी तिला तीन वर्षांत सांगितलेलं नाही. ती विचारते, "बरं चाललंय ना?" मी म्हणते, "एकदम मस्त!"

आणि तेवढ्यात पडद्यावर आमचं बेट आलं.

दोन्हीकडे. आधी मोठ्यावर, क्षणभराने छोट्यावर. दीपस्तंभ, सतरा घरं, आमचं पिवळं. आमच्या अंगणात कपडे वाळत होते. चार मिनिटांत बेट मागे सरकलं. एवढंच? मी दोन्ही चित्रणं मागे नेली आणि परत बघितली. मग तिसऱ्यांदा.

"हे तुझं गाव?" आर्नफिननी विचारलं.

मी नुसतं बोटाने पिवळं घर दाखवलं. मी! जी आज सकाळी कोणालाही काहीही विचारू शकत होती.

एक चाळीसला मोठा काळा पडला. दहाला सुरू केला होता, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. छोट्यात अजून त्र्याहत्तर टक्के शिल्लक.

जहाजं मला आवडतात, खोटं कशाला बोलू. इथल्या कॉलेजात जहाजबांधणी नाही, साधी यंत्रं शिकवतात. आर्नफिनना म्हटलं, "एक फोन करू?" आणि तिथेच, काउंटरला टेकून, घरी लावला.

"आई, पप्पालाही बोलव. स्पीकरवर टाक."

"काय गं, काय झालं? रडतेयस का?"

"थोडीशी. ऐका दोघं. मी छोटा लॅपटॉप घेतेय."

"अगं, पण त्रोनहाइमला त्याच्यावर…" पप्पाने सुरुवात केली.

"त्रोनहाइम नाही, पप्पा. मी यादीचा क्रम बदलतेय. मला त्या खोलीत एकदम मस्त कधीच नव्हतं, एक दिवसही नाही. ऑगस्टपासून मी रोज बोटीने जाणार, आणि घरी राहणार. मी विचारत नाहीये, सांगतेय."