खोलीची शांतता

माणूस बोलताना किती कचरा करतो ते मला विचारा. श्वास, ओठांची पचपच, जिभेचा टक्, पोटातली गुरगुर, खुर्चीची करकर. तुम्ही कानाला हेडफोन लावून जे सुंदर पुस्तक ऐकता ना, त्यातून हे सगळं उपसून काढणारी बाई मी. अठरा वर्षं हेच करतेय. वाचणारा नाव कमावतो, केर काढणारीला कुणी विचारत नाही. असो. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नाही.

लिफ्टवाले काका स्टुडिओत आले तेव्हा मी वैतागलेलीच होते. लेखक स्वतःचं पुस्तक स्वतः वाचणार म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्यात यांचा आवाज घोगरा, मधेच फाटणारा. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आत अडकलेली माणसं बाहेर काढली आणि निवृत्त झाल्यावर त्याचं पुस्तक लिहिलं.

"वाचायला चांगला माणूस देते की," मी म्हटलं. "तुम्ही कशाला घसा फोडून घेताय?"

"घसाच जाणार आहे," ते म्हणाले. "म्हणजे बघा, गाठ आहे. एकवीस तारखेला स्वरयंत्र काढतायत. आणि आमच्या हिला दोन वर्षांपासून काही दिसत नाही."

मला पटकन उलगडा झाला नाही. त्यांनीच केला.

"आता मी दिसत नाही, पण ऐकू येतो. एकवीसनंतर तेही नाही. मग मी घरात आहे हे तिला कळायचं कसं? तेवढं पुस्तक माझ्या आवाजात करून द्या. ती लावून बसेल."

मी म्हटलं, उद्या दहाला या. हातात बारा दिवस होते.

आमची रेकॉर्डिंगची खोली कपाटाएवढी. दार लावलं की बाहेरचं जग संपतं. काका आत बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हसले. "जन्मभर दाराच्या बाहेर उभा राहिलो. आज आत." मग काचेतून मला सांगत बसले की अडकलेल्या माणसाला काढायला तासभर लागला तरी चालतो, पण त्याच्याशी बोलणं थांबवायचं नाही. बोलणं थांबलं की माणूस आत घाबरतो.

"पान चार," मी म्हटलं. "सुरू करा."

मी जिवाचं रान केलं, खोटं कशाला सांगू. पण माझं जिवाचं रान म्हणजे त्यांच्या जिवाला घोर. दर तिसऱ्या वाक्याला त्यांचं 'म्हणजे बघा' यायचं. पुस्तकात एकदाही नाही, तोंडात मात्र कायम. "काका, छापलंय तेवढंच." वाक्य संपवताना आवाज वर न्यायचे. "खाली आणा. पोटातून बोला." खाकरले की थांबवायची, हसले की थांबवायची. चुकलं की मागे जाऊन त्याच्यावरच नवीन वाक्य घ्यायचं, जुनं पुसलं जातं. आमची पद्धतच तशी. ते बिचारे मान डोलवायचे. सहाव्या दिवशी घशातून रक्त आलं. ते टिपून रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "पान एकशे बारा ना?"

शेवटच्या दिवशी खोलीची शांतता घेतात. श्वास कापले की वाक्यांमध्ये भोकं पडतात, ती भरायला शांतता लागते. रिकाम्या खोलीची चालत नाही. वाचणाऱ्याने तिथंच एक मिनिट न हलता बसायचं, कारण माणूस असलेल्या खोलीचा आवाज निराळा असतो. तीही घेतली.

मग मी चार दिवस साफसफाई करत बसले. घोगरेपणा उतरवला, फाटलेलं सांधलं. असं काम मी याआधी केलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकांनी येऊन ऐकलं. डोळे भरून आले त्यांचे. "मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, कौतुक आहे. त्यांनी मंजुरीची सही केली आणि सही झाली की त्याच संध्याकाळी कच्चं रेकॉर्डिंग पुसायचं, हा माझा नियम. तो मी पाळला.

दीड महिन्याने दोघं आले. काकांच्या गळ्याला पट्टी, हातात मुलांची असते तसली पाटी. काकूंनी त्यांची बाही घट्ट धरलेली. खुर्चीत बसल्यावरही सोडली नाही.

"पुस्तक छान झालंय हो," काकू म्हणाल्या. "पण हा वाचतोय कोण?"

मला हसावं की रडावं कळेना. "अहो काकू, हेच वाचतायत. माझ्यासमोर बसून वाचलंय."

"हे असे बोलत नाहीत. हा कुणी बातम्या सांगणारा आहे. मी लावते, दोन पानं ऐकते आणि बंद करते. परका पुरुष घरात आल्यासारखं वाटतं." त्या माझ्या आवाजाच्या दिशेने वळल्या. "तुम्ही काय काय काढून टाकलंत, ते मला द्या. ते खाकरणं, ते 'म्हणजे बघा'. चुकलेलं असेल तेच द्या. फोनवर एवढं बोलले, पण फोनवरचं बोलणं कोण साठवून ठेवतं?"

"काकू, ते नाही राहिलं. मी पुसलं."

काकांनी पाटी उपडी ठेवली. खिडकीकडे बघत बसले. त्यांनी दोन शिव्या लिहिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. करायला गेले एक आणि करून बसले भलतंच. बारा दिवस मी एका माणसाला त्याच्याच तोंडातून हाकलत होते आणि वर कौतुकाची वाट बघत होते.

तरी शोधलं. एकेक फोल्डर उघडला. सगळीकडे ते स्वच्छ, परकं वाचन. शेवटी शांततेची फाइल सापडली. ती आम्ही वेगळी ठेवतो आणि तिची सुरुवात कापायची राहून गेली होती. मी स्पीकरवर लावली.

आधी माझाच आवाज आला, चिडका. "आता एक मिनिट तोंड उघडायचं नाही. खाकरायचंसुद्धा नाही."

मग ते खाकरले. "बरं बाई. म्हणजे बघा, आता मी..."

"गप्प बसा म्हटलं ना!"

आणि पुढे एक मिनिट काही नाही.

काकूंचा हात बाहीवरून घसरून काकांच्या मनगटावर आला. "हे," त्या म्हणाल्या. "हे आमचे. परत लावा."

मी परत लावलं. सहा वेळा लावलं. माझं ओरडणं कापून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या, आता काहीच कापू नका. सातव्या वेळी त्यांनी मला थांबवलं आणि काकांकडे तोंड केलं.

"अहो, पुढे काय म्हणणार होतात?"

काकांनी पाटी मांडीवर घेतली. एकदा लिहिलं, बोटाने पुसलं, परत लिहिलं. मग पाटी काकूंपुढे धरली, आणि लक्षात आल्यावर माझ्याकडे वळवली.

"काय लिहिलंय?" काकूंनी मला विचारलं.

मला काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. काकूंना कुठे दिसणार होतं? पण काका माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या बोलण्यात मी आधीच पुष्कळ हात घातला होता.

"आठवत नाही," मी वाचून दाखवलं.