पाळकसाहेबांचा एकुलता शब्द

पाळकीणबाईंनी चहाचा कप अध्यक्षांच्या हातात दिला आणि नेमके त्याच क्षणी पाळकसाहेब खुर्चीतून खणखणीत आवाजात म्हणाले, "च्यायला."

अर्धा चहा बशीत सांडला. चर्चच्या पंच कमिटीचे अध्यक्ष म्हणजे सभ्य गृहस्थ. त्यांनी कपबशी खाली ठेवली, रुमालानं एकेक बोट पुसलं आणि आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. इतका की त्यांनी किती नीट ऐकलंय ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

पाळकसाहेबांना खरं तर "या, बसा" म्हणायचं होतं. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला, उजवा पाय अधू झाला आणि जिभेवरचे सगळे शब्द एकजात पुसले गेले. उरला तो हा एकच. समजत सगळं होतं. पण पाणी मागायचं तरी हाच शब्द, खिडकी लावा म्हणायचं तरी हाच, आणि प्रभूचं नाव घ्यायला तोंड उघडलं तरी बाहेर पडायचा तो हाच. कुणाला साधं "गाढव" म्हणायचं झालं तरी ज्यांना आधी दोनदा खाकरावं लागे, त्यांच्या वाट्याला नेमका हा यावा! "एवढी वर्षं कुठं दडवून ठेवला होतात हो?" असं बाईंनी दवाखान्यात विचारलं होतं, तेव्हा ते अर्ध्या ओठानं हसलेसुद्धा होते.

आज हसले नाहीत. अध्यक्षांची बोटं पुसून होईपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही रविवारी साहेबांना चर्चला आणायचं म्हणत होतात," अध्यक्ष बाईंना म्हणाले. साहेबांकडे त्यांनी पाहिलंच नाही. "घाई नको. उपासनेला लहान मुलं असतात, नवी माणसं असतात. मंडळीत उगाच कुजबुज नको. मी चालवतोय ना सगळं? साहेब पूर्ण बरे झाले की वाजतगाजत नेऊ त्यांना."

"बरे होऊन या, असं कुठल्या दवाखान्याच्या दारावर लिहिलेलं पाहिलंय तुम्ही?"

"बाई, तुम्ही रागावलात."

"हो, रागावले," बाई म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

त्या दिवसापासून पाळकसाहेबांनी तोंडाला कुलूप घातलं. काही हवं असलं की डाव्या हातानं खूण करायची, नाहीतर खुणेलाही सुट्टी. घास भरवताना ओठ उघडायचे तेवढेच. दारावर कुणी आलं की ते डोळे मिटून झोपेचं सोंग घेत, आणि सोंग कसं घेतात हेही त्या भल्या माणसाला ठाऊक नसल्यामुळे पापण्या फडफडत राहत.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी मुलगी होती. वयानं लहान, पण बोलायची रोखठोक. साहेबांची मिटलेली जिवणी पाहून ती बाईंवरच उखडली.

"हे कुणी केलं?"

बाईंनी सांगितलं.

"जे येतंय ते येऊ द्या हो. एका शब्दाचं बोट धरून दुसरा येतो. तोंडच मिटून घेतलं तर कुणाचं बोट धरणार? सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते गेले की मग अवघड. आणि माझ्या एकटीशी बोलून भागायचं नाही. चार माणसांत बसवा त्यांना. लाज मोडली पाहिजे."

लाज मोडली पाहिजे! बाई रिक्षात साहेबांचा लुळा हात मांडीवर घेऊन बसल्या आणि मनातल्या मनात तेवढंच घोकत राहिल्या. हा माणूस आता बोलला नाही तर कायमचा मुका होईल, आणि तोही एका रुमालापायी. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. अध्यक्षांचा राग होताच, पण खरा राग आणखी वरच्याचा होता. झटका आल्यापासून बाईंनी प्रार्थना म्हणून केली नव्हती. भांडण झालेल्या जावेबरोबर एका स्वयंपाकघरात वावरावं तसं त्यांचं देवाशी चाललं होतं.

माणसांची मात्र घरात वाण नव्हती. भगिनी मंडळाच्या बायका आळीपाळीनं येत. एक साहेबांची नखं कापून देई, एक पेपर वाचून दाखवी आणि मधेमधे संपादकाची अक्कल काढी. बेकरीवाली मावशी काहीच करत नसे. पहाटेपासून भट्टीपुढं उभी राहिलेली ती बाई दुपारी यायची, कोपरापर्यंत लागलेल्या मैद्यासकट साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि पाच मिनिटांत घोरायला लागायची. साहेबांना ते आवडत असावं. तिच्यासमोर ते झोपेचं सोंग घेत नसत.

बुधवारी सगळ्या मिळून साहेबांच्या खुर्चीजवळ प्रार्थनेला बसायच्या. हातात हात, गोल करून, आणि एकेकीनं पाळीपाळीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. जिला बोलायचं नसेल तिनं शेजारणीचा हात दाबायचा, की पाळी पुढं सरकते. बाई दर बुधवारी मावशीचा हात दाबून मोकळ्या होत.

"हे प्रभू, तुझ्या सेवकाची जीभ मोकळी कर," त्या बुधवारी पहिली म्हणाली.

"त्यांच्या मुखात पुन्हा तुझी पवित्र वचनं घाल," दुसरी म्हणाली.

बाईंचे डोळे उघडेच होते, म्हणून त्यांना दिसलं. "पवित्र" म्हटल्याबरोबर साहेबांनी ओठ इतके घट्ट दाबले की ते पांढरे पडले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून दाढीत गेलं. पाळी बाईंवर आली. मावशीनं हात दाबला जाण्याची वाट पाहिली. बाईंनी दाबला नाही.

"प्रभू," त्या म्हणाल्या, आणि आवाज असा निघाला की दोघींनी दचकून माना आणखी खाली घातल्या. "या माणसानं तुझ्यासाठी घसा फोडला. कुणाचं मयत असो, लग्न असो, नवराबायकोचं भांडण असो, पुढ्यातलं ताट सोडून गेला. आणि तू त्याला शब्द किती ठेवलास? एक! बरं, ठेवलास तर ठेवलास. तूच ठेवलास म्हणजे तुला तो चालत असणार. तुला चालतो तर कमिटीला का चालू नये? आणि यांनी तरी का लाजून मरावं? माझ्याच्यानं आता बघवत नाही. च्यायला, पुरे झालं!"

"आमेन," मावशी म्हणाली.

सवयीनं म्हणाली. समोरची थांबली की आमेन म्हणायचं, एवढंच तिच्या अंगवळणी पडलेलं. मग तिचे डोळे उघडले, ते मोठे होत गेले, आणि तिनं मैद्याचा हात तोंडावर मारला.

"अगं बाई! मी कशाला आमेन म्हटलं?"

कुणीतरी नाकातून फुस्स केलं. एकीनं पदर तोंडात कोंबला. आणि तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीतून कुलूप खडखडल्यासारखा आवाज आला. ते हसत होते. खांदे हलत होते, लुळा हात मांडीवर उडत होता, डाव्या हातानं ते डोळे पुसत होते, आणि हसता हसता धाप लागून ते म्हणाले, "च्यायला!"

"आमेन," मावशी म्हणाली. या वेळी ठरवून.

मग काय विचारता. साहेब दिवसभर बोलू लागले. दूधवाल्याला घातलेला शब्द निराळा, चहात साखर कमी म्हणून निराळा, सकाळी खिडकी उघडल्यावर उजेडाकडे पाहून हळूच म्हटलेला आणखी निराळा. शब्द तोच, पण बाईंना सुरावरून सगळं कळायला लागलं. भगिनी मंडळालाही कळायला लागलं. "पाणी मागताहेत," मावशी झोपेतूनसुद्धा सांगायची. दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "आता गाडी हलली." दुसरा शब्द अजून आला नव्हता, पण तोंड उघडं होतं.

रविवारी बाईंनी त्यांना पांढरा सदरा घातला आणि नेलं. चर्चच्या दारात अध्यक्ष उभे होते. मागं भगिनी मंडळ पाहून ते दोन पावलं मागं सरले, पण दारातून हटले नाहीत.

"बाई, एकदा विचार करा."

"केला."

"लोक हसतील हो त्यांना." अध्यक्षांचा आवाज एकदम खाली आला. "माझं लग्न लावलंय त्यांनी. माझ्या आईला माती दिलीय. त्यांना कुणी हसलेलं मला नाही बघवणार."

हा माणूस लाजत नव्हता, भ्यायला होता. बाईंना ते तिथं पहिल्यांदा कळलं. म्हणून त्यांचा राग गेला असं नाही. थोडा बाजूला सरकून बसला.

"हसू द्या," त्या म्हणाल्या. "हसल्यावरच तोंड उघडलंय त्यांचं. सरका."

ते सरकले.

पुढच्या बाकावर साहेब, शेजारी बाई, त्यांच्या शेजारी मावशी. गाणी झाली, वाचन झालं. आजाऱ्यांसाठी प्रार्थना आली तेव्हा अध्यक्षांनी डोकी लववायला सांगितली आणि जपून जपून सुरुवात केली, "हे पित्या, तुझी इच्छा असेल तर आमच्या पाळकसाहेबांना..."

"च्यायला!" साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले.

मागं एक पोर खिदळलं, त्याला चापट बसल्याचाही आवाज आला. अध्यक्षांना पुढचं वाक्य सापडेना.

"आमेन!" मावशी गरजली.

"आमेन," भगिनी मंडळ म्हणालं. मग मधल्या बाकांवरून आलं, मग ज्यांना ऐकू कमी येतं अशा म्हाताऱ्यांकडून आलं, मग बाकीच्यांकडून. दोन माणसं उठून बाहेर गेली. बाईंनी मान वळवून त्यांना जाताना नीट पाहून घेतलं. जाऊ देत! मग अध्यक्षही आमेन पुटपुटले, आणि प्रार्थना पुढं गेली.

शेवटी आशीर्वाद असतो. अध्यक्ष त्यासाठी उठण्याआधीच साहेब उठले होते. काठी टेकत ते पुढं गेले, टेबलापाशी वळले, आणि आशीर्वादाला हात मोकळा हवा म्हणून काठी टेबलाला टेकवून ठेवली. अध्यक्ष धरायला धावले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. साहेबांनी डावा हात वर केला आणि तोंड उघडलं.

"च्या..." ते म्हणाले, आणि थांबले. उरलेलं त्यांनी गिळलं. जबडा चाललेला, मानेच्या शिरा तटतटलेल्या.

"मं..." साहेब म्हणाले. "मंड... मंडळी."

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. दर रविवारी उपदेशाची सुरुवात याच शब्दानं व्हायची! मावशी हंबरडा फोडून शेजारणीच्या गळ्यात पडली. अध्यक्षांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रुमालाची त्यांना आठवणही नव्हती. "आपल्याला हाक मारली!" ते सगळ्यांना ओरडून सांगत होते. "ऐकलंत ना? दुसरा शब्द आपला! मंडळी म्हणाले, मंडळी!" कुणीतरी गाणं सुरू केलं, लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या.

साहेब मान हलवत होते. नाही, नाही. आनंदाच्या भरात कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांच्या कपाळावर आठी होती आणि नजर गर्दीवर नव्हती, पहिल्या बाकावर होती.

"मंडळी!" ते पुन्हा म्हणाले, वैतागून, शेवटचं अक्षर ओढून.

तो सूर चर्चमधला नव्हताच. चष्मा सापडेनासा झाला, दाढी करताना कापलं, अवेळी पाहुणे आले, की घरात असाच सूर निघायचा. लग्न झाल्यापासून त्यांनी चार लोकांत बायकोला नावानं कधी हाक मारली नव्हती. "आमच्या मंडळींना विचारून सांगतो," असं ते मित्रांना म्हणत, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नुसतंच "मंडळी!" ती थट्टा इतकी जुनी झाली होती की दोघांनाही आता ती थट्टा वाटत नसे. बाईंनी खाली पाहिलं. साहेबांचा उजवा गुडघा थरथरत होता. पाय धरत नव्हता, काठी हाताला लागत नव्हती, ते पडायच्या बेतात होते.

बाई उठल्या. वाटेत अध्यक्ष टाळ्या वाजवत उभे होते, त्यांना त्यांनी दंडाला धरून बाजूला केलं.

"ती हाक तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या.

आणि भर चर्चमध्ये, गाण्याच्याही वर जाईल अशा घरातल्या आवाजात त्यांनी उत्तर दिलं, "ओ! आले, आले."