पायथ्याची ओल

तळं आमच्या दोघांचं, पण बांधावर हुकूम दादाचा. वडिलांनी मातीचा तो बांध घातला तेव्हा दादा बारा वर्षांचा होता आणि त्यानं चार घमेली माती टाकली होती. तेवढ्या भांडवलावर तो आयुष्यभराचा इंजिनिअर झाला. बांधाच्या पायथ्याशी ओल आहे, हे मी तीन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. "अगं, घाम आलाय त्याला," म्हणायचा.

शेवटी मीच तपासणीसाठी इंजिनिअरबाईंना बोलावलं. बांध धोक्याचा ठरला, तर तळं रिकामं करावं लागणार होतं. त्यात आम्ही पोहायला शिकलो, आता नातवंडं शिकतायत. धास्ती दोघांनाही होती, फक्त दादा ती लपवायला मिशीला पीळ देत होता.

बाई आल्या. सांडवा मोकळा, उतारावरचं गवत कापलेलं, उंदरांची बिळं बुजवलेली. सगळं झकास. पायथ्याशी पोचलो आणि मी चाटच पडले. ओलीच्या जागी ताज्या मातीचा ढीग, वर हिरवळीचे तुकडे चापूनचोपून बसवलेले. दादाच्या नखांत अजून माती होती.

माझं डोकंच फिरलं. "तू सांगतोस की मी सांगू?"

दादा बुटांकडे बघत म्हणाला, "बाई, इथं पाणी झिरपतं. सकाळी मीच झाकलंय."

"काढा," बाई एवढंच म्हणाल्या.

साठी उलटलेला माझा भाऊ फावडं घेऊन गुडघ्यांवर बसला. माती निघाली, पाणी वाहायला लागलं. आधी गढूळ. पाव तासानं बाईंनी काचेचा ग्लास भरून उजेडात धरला. पाणी आरपार स्वच्छ होतं.

"गढूळच येत राहिलं असतं, तर आतून माती वाहून चाललीय असं समजून तळं उपसायला लावलं असतं. हे ठीक आहे. वाळू-खडी घालून पाण्याला वाट करून द्या, दर आठवड्याला किती पाणी येतं ते मोजा. पण परत झाकलंत, तर पाणी आत तुंबेल आणि एक दिवस बांध घेऊन जाईल."

म्हणजे तळं राहणार! मला नाचावंसं वाटलं.

बाईंनी वही उघडली. "ओल पहिल्यांदा कुणी पाहिली?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "हिनं. तीन वर्षं सांगत होती. मी गाढव, ऐकलं नाही."

जन्मात पहिल्यांदा, तेही परक्या माणसासमोर!

"बाई, हे जसंच्या तसं लिहा," मी म्हणाले.

"गाढवासकट?"

"गाढवासकट," दादाच म्हणाला आणि खो खो हसत सुटला. मला मात्र रडूच फुटलं.