फुलांच्या काट्यावरचा बावाजी

मी पिस्तूल बोलतोय. अहो थांबा, पळू नका! रिकामा आहे मी. माझं मॅगझीन शेजारी वेगळ्या पुडीत बांधून ठेवलंय आणि त्यातही गोळी नाही. शिवाय वय झालंय. आता उडायचं ते फक्त तोंडाने.

शाळेचं तोंड काही मी पाहिलेलं नाही. माझ्या पाठीवर परक्या भाषेत काहीतरी कोरलंय, ते माझं मलाच वाचता येत नाही. एवढं ठाऊक आहे की कुठल्याशा थंडीच्या मुलखात माझा जन्म झाला आणि मला गोळी लागते ती बत्तीस बोअरची. बोअर म्हणजे माप हो. तुमच्या चपलेला नंबर असतो ना, तसा.

बोटीत बसून मी मुंबईला आलो आणि तिथून देवळालीला, हवा खायला आलेल्या एका पारशी शेटजींच्या कपाटात. शेटजींनी मला उभ्या जन्मात एकदाही चालवलं नाही. रोज संध्याकाळी आधी मला तेल लावायचे, मग आपल्या गुडघ्यांना. तेलाची बाटली एकच. गुण मात्र मलाच आला.

त्यांच्या बंगल्यावर मखमलाबादहून फकिरा नावाचा शेतकरी फुलं घेऊन यायचा. मळ्यात बिबट्या येतो म्हणून त्याने लायसन्स काढलेलं होतं, पण हातात काठीच होती. शेटजी थकले, तेव्हा त्यांनी रीतसर कागद करून मला फकिराच्या हवाली केलं. पारशाकडून आलो म्हणून घरात माझं नाव पडलं बावाजी.

फकिराने मला एकदाच चालवलं. भर दुपारी बिबट्याने शेळी उचलली, तेव्हा हा धावत येऊन हवेत गोळी झाडता झाला. बिबट्या तोवर ओढ्यापार. माझ्या आवाजाने एवढंच झालं, की फकिराच्या बायकोच्या, भागुबाईच्या, हातातली पिठल्याची कढई पालथी झाली. पुढे ही गोष्ट सांगताना दर वर्षी बिबट्या हातभर वाढायचा. शेवटी शेवटी तर त्याचं शेपूट मखमलाबादेत आणि मिशा म्हसरूळला होत्या. साक्षीदार मी होतो, पण मला विचारतंय कोण?

माझी एक खोड आहे, ती आताच सांगून टाकतो. साफ करायला मला उघडलं की माझ्या पोटातली स्प्रिंग सुटून उडते. म्हणजे मीच उडवतो. मग घरातला कर्ता पुरुष गुडघ्यांवर रांगत कॉटखाली, कणगीमागे शोधत फिरतो. फकिरा तासभर रांगायचा. भागुबाई जागेवरून न हलता सांगायची, “पायताणात बघा.” आणि ती पायताणातच असायची!

फकिरा गेला आणि कागदोपत्री मी त्याच्या मुलाकडे आलो. मुलगा वाल्मीक. गाव त्याला अण्णा म्हणतं. झेंडू, शेवंती पिकवतो, पंचवटीच्या फुलबाजारात विकतो. माणूस सरळ, फक्त एक वेड डोक्यात शिरलेलं, बत्तीस बोअर! मी घरात होतोच. त्याने सरकारी कारखान्यात बनलेलं एक जाडजूड पिस्तूल घेतलं. त्याचं नाव मास्तर, कारण वजनदार आणि कडक. मग काही वर्षांनी तिसरं आणलं. काळं कुळकुळीत, हातात साबणासारखं गुळगुळीत. त्याचं नाव नवरदेव. तेव्हा एका लायसन्सवर तीन चालायची.

झालं, अण्णाचा रविवार आमच्यात जायला लागला. ज्या काट्यावर शेवंती तोलायची, त्याच काट्यावर आम्हाला तोलायचा. वहीत लिहायचा, मास्तरचा चाप जड, नवरदेवाची मूठ हातात बसते, बावाजीचा धक्का मऊ. बायको रोहिणी चहा घेऊन यायची आणि टोमणा ठेवून जायची.

“आपल्या चैतालीसाठी स्थळं बघायचीत, तिथं एवढं निरखून बघा की!”

“बघतोय ना. पण त्या पोरांना काट्यावर कसं बसवू?”

अण्णाचा मित्र खंडेराव फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला. मोठमोठ्या तोफा पाहिलेला माणूस. आमच्याकडे बघून नाक मुरडायचा. “वाल्मीक, ही काय गोळी हाय का? हिनं डास मरंल, तो पण बसलेला असला तर.”

“असू दे. माणसाच्या तोंडात दात पण बत्तीसच असत्यात सुभेदार. तुमचे किती राहिलेत?”

खंडेरावाचे अकरा होते.

असं सगळं मजेत चाललेलं असताना नवा नियम आला. एका लायसन्सवर आता दोनच. तिसरं जमा करा.

आम्ही तिघं कपाटात, एकमेकांकडे बघतोय. भागुबाई तेव्हा ऐंशीची. ती सरळ म्हणाली, “बावाजी कुठं जायचा नाय. तुज्या बापाचा हात लागलाय त्याला.”

अण्णाच्या मनातही तेच होतं, मला ठाऊक आहे. पण खंडेराव म्हणाला, “ठेवायचं ते चालणारं ठेव. वेळेला बंद पडलं तर बापाचा फोटो दाखवणार का बिबट्याला?” यावर अण्णाने ठरवलं की नेमबाजीच्या रेंजवर जायचं, प्रत्येकाच्या दहा गोळ्या झाडायच्या आणि नेमात जो शेवटी येईल तो जमा. लाड कुणाचे नाहीत.

मला घाम फुटला. पिस्तुलाला घाम फुटला की त्याला लोक गंज म्हणतात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दसरा होता. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पाटावर मांडतात. कोयता, खुरपं, फवारणीचा पंप आणि आम्ही तिघं, मॅगझीन काढून, पोट उघडून. भागुबाईने आपल्या हाताने हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या. पूजेतलं शस्त्र त्या दिवशी पुसायचं नाही, हलवायचं नाही, हा घरचा नेम. दुसऱ्या दिवशी निघताना खंडेरावाने तिघांच्या नळ्या उजेडात धरून पाहिल्या. नळ्या स्वच्छ. कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून आम्ही रेंजवर.

पहिला मास्तर. दोन गोळ्या सुटल्या, तिसरी मॅगझीनमधून वरच येईना. नवरदेव पुढे आला. टक्. घोडा पडला, गोळी गप्प. पुन्हा टक्. खंडेरावाच्या भुवया टोपीत गेल्या. मग मी. दहाच्या दहा सुटल्या आणि त्यातल्या सहा काळ्या गोलात!

मला खरं कारण दिसत होतं. पण मी सांगणार कसा? आणि माझं बोलणं त्यांना ऐकू आलं असतं तरी सांगितलं नसतं, हे तुम्हालाही कळलंच असेल.

घरी येऊन अण्णाने साफसफाईला मास्तर उघडला. मॅगझीनमधून तांदूळ पडला. एक, दोन, चार. नवरदेवाच्या घोड्याच्या खाचेत तर कुंकू, तेल आणि तांदूळ मिळून चिकट गोळा बसलेला. अण्णाने मला उघडलं. स्प्रिंग उडवायचंही मी विसरलो. आत एक दाणा नाही.

अण्णा आईसमोर जाऊन बसला. तळहातावर तांदूळ.

“आई, हे काय?”

“अक्षता. पडल्या असतील चार जास्त. मला म्हातारीला दिसतंय का नीट?”

“मग बावाजीत एकपण कसा नाही?”

“त्याला मी लांबूनच ओवाळलं. लगीन झाल्यावर कोण नवऱ्याच्या अंगावर तांदूळ टाकतं व्हय?”

रोहिणीने तोंडाला पदर लावला. अण्णालाही हसू आलं, पण ओठातच राहिलं.

“आई, बाबा फुलं तोलताना काट्याला बोट लावू द्यायचे का?”

भागुबाई म्हणाली, “नाय. एकदा वजन भरावं म्हनून मी शेवंतीवर पानी मारलं. दोन दिस जेवला नाय माज्या हातचं.”

“मग त्यांचं पिस्तूल ठेवायला मी त्यांचाच काटा झुकवू?”

म्हातारीने तळहातावरचे तांदूळ उचलून पदराला बांधले. “घे पुन्हा परीक्षा. पन निकाल मला सांगू नको.”

पुढच्या रविवारी पुन्हा रेंज. नवरदेव दहापैकी दहा. मास्तर आठ. मी? पाच माझ्या कागदावर, दोन शेजारच्या पोरीच्या कागदावर. तिला शिकवणारे सर तिला शाबासकी देत होते. उरलेल्या तीन गेल्या कुठे, ते मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आठव्या गोळीला माझी स्प्रिंग करकरली, ते अण्णाच्या हाताला कळलं. त्याने मला खाली ठेवलं आणि पाठीवर अंगठा फिरवला, जसा त्याचा बाप फिरवायचा.

निकाल भागुबाईला कुणी सांगितला नाही. अण्णा हात न धुता जेवायला बसला, त्यावरून तिला कळला.

ज्या दिवशी मला पोलीस ठाण्यात जमा करायचं होतं, त्या सकाळी अण्णाने मला शेवटचं फुलांच्या काट्यावर ठेवलं. वजन तेच होतं, तरी वहीत दोनदा लिहिलं. भागुबाई दारात उभी.

“तिथं दसरा करत्यात का रं?”

“करतात आई. पोलिसांचं मोठं शस्त्रपूजन असतं.”

“मग फुलं आपल्या मळ्यातली जाऊ दे. दुसऱ्याचा झेंडू नको त्याच्या अंगावर.”

तेव्हापासून मी इथे, ठाण्याच्या मालखान्यात. लाकडी मांडणी, कापडी पिशवी, गळ्यात चिठ्ठी. शेजारी जप्त केलेल्या तलवारी आहेत. त्या फार तोरा मिरवतात, पण पात्याला धार नाही, वाढदिवसाचे केक कापण्यात गेली. निवडणूक लागली की गावभरच्या लायसन्सवाल्यांना हत्यारं जमा करावी लागतात, तेव्हा मास्तर आणि नवरदेवही मुक्कामाला येतात. घरच्या बातम्या कळतात. चैतालीचं जमलं. मुलगा काट्यावर बसायला तयार झाला म्हणे!

आणि दसरा. मळ्यातून झेंडूचं पोतं येतं, अण्णाच्या खांद्यावरून. परवाच्या दसऱ्याला भागुबाईही आली, रोहिणीच्या हाताला धरून. मालखान्याच्या मनीषा मॅडम कडक आहेत, पण म्हातारीसाठी खुर्ची दिली आणि अण्णाला म्हणाल्या, “माझ्यासमोर पुसा. पाच मिनिटं. एवढंच.”

अण्णाने फडका काढला. मला उघडलं. मी इतकी वर्षं दम धरून होतो.

टिंग!

स्प्रिंग गेली. अण्णा गुडघ्यांवर. दोन शिपाई टेबलाखाली. मनीषा मॅडम “कुणी हलू नका” म्हणत स्वतःच वाकलेल्या. सरकारी टोप्या फरशीवर आणि सगळं ठाणं रांगतंय!

खुर्चीतून भागुबाईचा आवाज आला. “झेंडूत बघा.”

झेंडूतच होती. म्हातारीने ती हातात घेतली, पदराने पुसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. “गेला नाय अजून,” म्हणाली. “खोड्या करतोय मेला.” ती माझ्याबद्दल बोलत होती की फकिराबद्दल, ते मी विचारलं नाही. आपल्याला काय, दोघांचंही कौतुकच!

मला ठेवायचं की मोडीत काढायचं, तो हुकूम यायचाय. फाईल कुठल्यातरी टेबलावर तळाशी आहे म्हणतात. साहेब, हात जोडून विनंती, ती तळाशीच असू द्या. काही घाई नाही. आणि तुम्ही वाचणारे, दसऱ्याला कधी इकडून गेलात तर डोकावून जा. मात्र गुडघे धड असतील तरच या. रांगावं लागेल.