कढईवरचं नाक

दूध आटत आलं होतं आणि मालनबाईचं नाक पुन्हा गच्च झालं होतं. तिनं कमरेची बाटली काढली, मान मागं टाकली, दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. घडीभर वारं आत गेलं. पण ती घडी रोज लहान होत चालली होती. दिवाळीच्या सर्दीत मेडिकलमधून आणलेली बाटली संक्रांत आली तरी सुटत नव्हती.

कडा गावाजवळच्या त्यांच्या घरच्या भट्टीवर खवा कधी उतरवायचा, ते मालनबाईचं नाक ठरवी. ती "आता" म्हणाली की सून संगीता कढईखालचा जाळ बाहेर ओढी.

"आत्याबाई, किती येळा टाकताव?"

"म्हशीला औषध लागू पडंना तर जास्तीचं पाजतो का न्हाई? तसंच."

"तुमी म्हैस हाव का?"

"असते तर नीट बघितलं असतंस मला. हलव मुकाट्यानं!"

मालनबाई वासाची वाट बघत उठली, बसली, पुन्हा उठली. एवढ्यात संगीता ओरडली, "बुडाला लागलं, आत्याबाई! करपट वास सुटलाय."

"मला कावून वास येईना?"

मालनबाईनं बोटभर खवा चाखला. कडू. सगळी कढई वाया गेली.

मालनबाईनं चप्पल घातली ती थेट सरकारी दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली. "हे थेंब तीन-चार दिवसांच्या वर टाकायचे नसतात. आता यांच्यामुळंच नाक सुजतंय. बंद करा. कोरडं वाटलं तर हे मिठाच्या पाण्याचे टाका. आठवडाभर नाक छळेल, नाही सुटलं तर परत या."

"वास येईल?"

"यायला हवा."

एवढंच. दुसऱ्या दिवशी भट्टीवर ते "यायला हवा" तिच्या डोक्यात घुमत होतं. मिठाच्या पाण्यानं नाक नुसतं ओलं झालं. हात सारखा कमरेला जाई. जुनी बाटली तिनंच संगीताकडं दिली होती.

"दे इकडं. एकच थेंब."

"न्हाई. दूध बघा."

दूध गोळा होत आलं होतं. मालनबाई वाकली, जोरानं हुंगलं. काहीच नाही.

"संगे, तू घे वास."

"मी? चुकलं तर?"

"काल माझं चुकलंच की."

संगीता कढईवर वाकली. "थोडं राहू द्या."

मालनबाईला वाटलं, खवा झालाय. तोंड उघडलं होतं, श्वासासाठीही आणि बोलण्यासाठीही. तिनं पदराचा बोळा दातांत धरला. नजर सुनेच्या नाकपुड्यांवर.

"आता!" संगीता म्हणाली.

मालनबाईनं वाकून जाळ ओढला.