शक्यतो तह टाळावेत

दुपारी चारच्या सुमारास आरोळीताईंचा आवाज गेला आणि परत आला नाही. पण ते तूर्त विसरून जाऊ. कारण आत्ता सकाळ आहे, आवाज जागच्या जागी आहे आणि ताई माइकसमोर उभ्या राहून काचेपलीकडच्या दिग्दर्शकाला विचारत आहेत,

“मगर मला कुठून खाते?”

“पायाकडून,” दिग्दर्शक म्हणाला. तो वयाने ताईंच्या भाच्याएवढा होता आणि कामाच्या बाबतीत अतिशय गंभीर. “हळूहळू. आणि मॅडम, नुसतं दुखणं नको. थोडा राग पण येऊ दे.”

“माझा की मगरीचा?”

त्याने खरोखर विचार केला. “दोघींचा.”

ताईंनी कोमट पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि मगरीच्या तोंडी गेल्या. त्याआधी त्या कड्यावरून पडल्या होत्या, विषाने गेल्या होत्या आणि एका राक्षसाने त्यांनाच उचलून दुसऱ्या राक्षसाला हाणलं होतं. व्हिडिओ गेम होता. गेममध्ये राजकन्या खेळणाऱ्याच्या चुकीने मरते, आणि खेळणारे फार चुका करतात.

ही लढवय्यी राजकन्या मुळात एका जाडजूड कादंबरीतली. तिथे ती एकदाही ओरडत नाही. घुमी आहे. शत्रू समोर आला की ‘तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं’ एवढंच लेखकाने लिहून ठेवलंय, आणि शत्रू पळतो. पुढे तिच्यावर रेडिओचं नाटक झालं. रेडिओवर नुसतं पाहता येईना. म्हणून ओरडणं आलं आणि ओरडायला ताई आल्या. तेव्हा त्या नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडल्या होत्या आणि आज ओरडलं की उद्या संवादही मिळतील, असा त्यांचा समज होता. मग टीव्हीची मालिका आली. तिच्यातल्या नायिकेचा घसा नाजूक, त्यामुळे संवाद तिचे आणि आरोळ्या ताईंच्या. मग कार्टून आलं. त्यात राजकन्या लहान झाली, खर्च वाचवायला तिच्या दोन भावांचा एकच भाऊ केला, आणि घोड्याचं खिंकाळणंही ताईंकडेच आलं. राज्य बदललं, शत्रू बदलले, राजवाड्याचा रंग बदलला. आरोळी तीच राहिली. आरोळीताई हे नाव त्यांना रेकॉर्डिंग करणाऱ्या मामांनी दिलं. मामा हे स्टुडिओतल्या सगळ्यांचेच मामा होते.

घरी ताई आणि त्यांची आई, दोघीच. आईला ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात टाकलं होतं. बाहेरच्या जगासाठी तिच्या कानात एकच फट उरली होती आणि तिच्यातून फक्त लेकीची आरोळी आत जायची. तीच, शत्रूवर चाल करून जातानाची. त्यामुळे ताई रोज संध्याकाळी जिना चढून दारासमोर उभ्या राहत आणि किल्ल्याच्या तटाखाली असल्यासारख्या ओरडत, “आई, मी आले गं.” मग चोरांच्या भीतीने दिवसभर आतून लावलेली कडी निघायची. किल्ली असून उपयोग नव्हता. दिवा लागणारी बेलही बसवून झाली होती. आईने त्या दिव्यावर टॉवेल वाळत घातला.

“रोजचं काय हे युद्ध,” समोरची शेजारीण दार किलकिलं करून म्हणायची.

मालिकेचे जुने भाग संध्याकाळी पुन्हा लागत. आई ते बघायची. नायिकेचं एक अक्षर तिला ऐकू येत नसे. तिच्या लेखी अख्ख्या मालिकेत एकच पात्र बोलत होतं, आणि ती तिची मुलगी होती.

“आज दोनदा दार उघडलं,” ती तक्रार करायची. “बाहेर कुणी नाही. यायचं नसतं तर हाका कशाला मारतेस?”

“अगं, ती टीव्हीतली.”

“टीव्हीतली पण तूच ना?”

ताई कुकर लावायला उठायच्या.

गेल्या आठवड्यात घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. गाठी होत्या. “ऑपरेशन केलं की बोलता येईल,” तो म्हणाला. “पण हळू. ओरडणं कायमचं बंद.”

“दार उघडण्यापुरतं तरी?”

डॉक्टरला ही थट्टा वाटली. “दार हाताने उघडत जा,” तो म्हणाला.

तेव्हा ताईंनी बेत केला. गेममधली मरणं एकदाची संपली की उरल्यासुरल्या घशातून स्वतःची चार वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची. ‘आई, मी आले गं.’ ‘औषध घेतलंस का?’ ‘गॅस बंद कर.’ चौथं सुचलं नव्हतं. मामा ती फोनवर घालून देतील, फोनला मोठा स्पीकर जोडायचा, की पुढची सोय झाली.

“करू की,” मामा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले होते. “फक्त शेवटी पाच मिनिटांपुरता घसा शिल्लक ठेव.”

ताईंनी ठेवला होता. चार वाजत आले. दिग्दर्शकाने कागदावरचं शेवटचं मरण खोडलं आणि बोट पुन्हा यादीत वर नेलं.

“मॅडम, मगरीचं अजून एकदा होईल?”

“काय कमी पडलं?”

“मगर पटत नाहीये.”

“अरे बाबा, मगर अजून काढलेली पण नाही,” मामा म्हणाले. “तुला पटेल कशी?”

“म्हणून तर.”

ताई नाही म्हणू शकल्या असत्या. पण त्या इतकी वर्षं येईल त्या शत्रूवर धावून जात आल्या होत्या. नाही म्हणायची सवयच नव्हती. त्यांनी डोळे मिटले. मगर गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, आणि तिथे घशात काहीतरी जुन्या चादरीसारखं टरकलं.

“पटली,” दिग्दर्शक म्हणाला.

मामांनी घाईघाईने हात हलवून खूण केली. ताईंनी श्वास भरला. “आई, मी आले गं.” आरोळी निघाली. शेवटच्या ‘गं’ला किंचित चीर गेली, पण निघाली. मग त्यांनी औषधाच्या वाक्यासाठी तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. पुन्हा हवाच.

दिग्दर्शकाने हेडफोन काढला. “हे काय होतं?”

“खासगी होतं,” मामा म्हणाले.

“परत लावा.” त्याने ऐकलं. “हे ठेवू. राजकन्या सगळ्या लढाया जिंकून राजवाड्यात येते, तिथे काय घालावं ते सुचतच नव्हतं.”

“तिची आई कादंबरीत पहिल्याच प्रकरणात वारलीय,” मामा म्हणाले.

“बदलू की,” दिग्दर्शक म्हणाला. अशा रीतीने राणी जिवंत झाली.

वाक्य मात्र ताईंना मिळालं नाही. त्या खोलीत निघणारा प्रत्येक आवाज कंपनीच्या मालकीचा होता, बाहेर न्यायचा तर वरची परवानगी लागायची. “मागे माझी शिंक राक्षसाला लावली,” मामा खाली बघत म्हणाले. “मला पण नाही दिली. तू अर्ज करून बघ.”

संध्याकाळी ताई जिना चढल्या, सवयीने दारासमोर उभ्या राहिल्या, सवयीने श्वास भरला आणि तो तसाच सोडून दिला. मग दार बडवलं. मग पायरीवर बसल्या.

समोरचं दार किलकिलं झालं. “आज युद्ध नाही?”

ताईंनी घशाकडे बोट केलं. शेजारणीने त्यांच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, पदर खोचला आणि ओरडली, “मावशी, दार उघडा हो.” वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली. हे उघडलं नाही.

“एवढ्या मोठ्याने मी जन्मात ओरडले नव्हते,” ती थोडी खूश होऊन म्हणाली आणि ताईंच्या शेजारी टेकली. आतून टीव्हीवरची बोलणी ऐकू येत होती. “काय चाललंय?”

ताईंनी कान दिला. भाग ओळखीचा होता. “तह,” त्या कुजबुजल्या.

“लांबणार?”

ताईंनी होकारार्थी मान हलवली. दोघी बसून राहिल्या. प्रधान बोलला, शत्रूचा दूत बोलला, सीमेवरच्या नदीचं पाणी कुणी किती घ्यायचं यावर दोघं मिळून बोलले. शेजारणीला जांभई आली. शेवटी एकदाची प्रधानाने गद्दारी केली, तुताऱ्या वाजल्या आणि आतून ती आरोळी उठली. तरुण, सणसणीत, एकही गाठ नसलेली. ताईंनी ती कधी दाराबाहेर बसून ऐकली नव्हती.

आत चपला वाजल्या. “आले, आले. जरा दम धरशील की नाही?” कडी निघाली. आईने दोघींकडे पाहिलं. “एवढं ओरडायला काय झालं? ऐकू येतं मला.”

अर्ज ताईंनी दुसऱ्या दिवशी केला. पण कंपनीकडे नाही. टीव्हीच्या वाहिनीकडे केला.

‘महोदय, आपल्या वाहिनीवर सदर मालिकेचे जुने भाग रोज सायंकाळी दाखवले जातात. ते अर्जदाराची आई हयात असेपर्यंत बंद करण्यात येऊ नयेत. तसेच अर्जदाराची घरी पोहोचण्याची वेळ लक्षात घेऊन, राजकन्येने रोज सात ते सव्वासातच्या दरम्यान किमान एकदा शत्रूवर चाल करून जावे. तहाच्या भागांत अर्जदारास जिन्यात बसावे लागते. तरी शक्यतो तह टाळावेत, ही नम्र विनंती.’